गो, वेंट, गॉन आणि आपलं जाणं

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या क्रियापदाला आहेत असं विचारलं तर ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांचं उत्तर आहे 'रन', पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने जवळजवळ नऊ महिने त्या एका शब्दावर घालवले आणि ६४५ अर्थ लावले, त्याआधी बरीच वर्षं हा मान 'सेट'कडे होता. मला दोघांबद्दलही आदर आहे पण माझं प्रेम मात्र 'गो'वर आहे. दोन अक्षरी शब्द, पहिलीतल्या पोराला पण येतो, आणि तरी मी सबटायटल्सचं भाषांतर करायला बसते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ थांबवणारा शब्द हाच, कारण प्रत्येक वेळी वेगळं मराठी लागतं, आणि कधीकधी उलट होतं, म्हणजे इंग्रजी वाकप्रचार इतका आपल्यासारखा निघतो की मी थक्क होऊन खुर्चीत मागे टेकते. त्यातून जे वाचत गेले, जुळवत गेले ते सगळं इथे लिहून ठेवतेय.

सुरुवात शाळेतल्या त्या घोकंपट्टीपासूनच करायला हवी. गो, वेंट, गॉन. ईट-एट-ईटन ठीक आहे, सिंग-सँग-संग पण ठीक, स्वर बदलतो एवढंच. पण गो चं वेंट कसं काय? एकही अक्षर जुळत नाही! आमच्या वर्गात कुणीतरी हे विचारलं होतं आणि 'पाठ करा' एवढंच उत्तर मिळालं होतं, पण याचं खरं उत्तर फार सुंदर आहे. 'वेंट' हा मुळात गो चा भूतकाळ नव्हताच. तो 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, तसंच वेंड-वेंट. हा वेंड म्हणजे आधी वळणं, वळवणं, मग एखाद्या दिशेला वळून निघणं आणि मग नुसतं जाणं. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर आपल्या यात्रेकरूंबद्दल लिहितो की इंग्लंडच्या कानाकोपऱ्यातून लोक कँटरबरीला 'वेंड' करतात, तेव्हा तो अगदी रोजचा शब्द होता. आता वेंड फक्त 'वेंड युअर वे' एवढ्या एका जुनाट वाकप्रचारात उरलाय, त्याचा भूतकाळ मात्र दुसऱ्याच्या घरी जाऊन मालक झाला.

मग गो चा स्वतःचा भूतकाळ कुठे गेला? तर जुन्या इंग्रजीत 'गान' म्हणजे जाणे आणि भूतकाळ 'एओडे', म्हणजे तिथेही परत गो शी संबंध नसलेला शब्द! हा एओडे पुढे 'येड', 'योड' अशा रूपांत बराच काळ टिकला, चॉसरकडे दोन्ही सापडतात, येड पण आणि वेंट पण. पंधराव्या शतकाच्या आसपास दक्षिण इंग्लंडात वेंटने जागा पक्की केली. स्कॉटलंडमधल्या लोकांनी वेगळा मार्ग काढला, त्यांनी गो लाच प्रत्यय लावून 'गेड' केलं. म्हणजे इंग्रजांना जाण्याचा भूतकाळ दोनदा बाहेरून आणावा लागला. आणि आजही एक तिसरा तुकडा आहेच, 'ही हॅज गॉन टू डेल्ही' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे, पण जाऊन परत आला असेल तर 'ही हॅज बीन टू डेल्ही', इथे तर चक्क 'असणे' हे क्रियापद जाण्याच्या कामाला लावलंय.

आता आपल्याकडे बघा. जातो. गेला. ज चा ग कसा झाला असं आपल्याला कुणी कधी विचारत नाही कारण आपण आईकडून शिकलो, पण परदेशातून मराठी शिकायला आलेल्या माणसाला तेच वाटत असणार जे आपल्याला गो-वेंट बघून वाटलं. जातो हा संस्कृत 'या' धातूचा, याति. सुरुवातीच्या य चा ज होणं आपल्याकडे सर्रास आहे, योगीचा जोगी, यात्रेची जत्रा. आणि ही जत्रा पण त्याच 'या' धातूची बरं का, म्हणजे 'जत्रेला जातो' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो, प्रयाण, अभियान, चंद्रयान सगळी तीच मंडळी. गेला मात्र 'गम्' धातूचा, गत ला आपला तो खास मराठी ल लागला आणि गेला झाला. दोन वेगळे धातू, एक वर्तमानाला, एक भूतकाळाला, आणि मधला सांधा आपल्याला दिसतही नाही. हिंदीत जाता-गया, गुजरातीत जाय-गयो, बंगालीत जाय-गेलो, सगळीकडे तीच जोडणी.

येतो-आला पण तसंच. येतो हा 'इ' धातूचा, आणि आला हा 'आगत' चा, म्हणजे आ आणि गत. म्हणजे गेला आणि आला हे दोन्ही एकाच गत पासून निघालेत, फरक फक्त पुढे लागलेल्या आ चा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत होते.

फ्रेंच लोकांची तर तीन तुकड्यांची गोधडी आहे, मी जातो ला 'व्हे', आम्ही जातो ला 'आलों', मी जाईन ला 'इरे', तिन्ही वेगळ्या मुळांची. स्पॅनिशमध्ये 'मी गेलो' आणि 'मी होतो' याला एकच शब्द आहे, 'फुई'. हे असं का होतं याचं कारण पण समजण्यासारखं आहे. जे शब्द आपण दिवसातून शेकडो वेळा बोलतो ते नियमाने तयार करावे लागत नाहीत, ते अख्खेच्या अख्खे तोंडात बसलेले असतात, त्यामुळे त्यांचा वेडावाकडेपणा टिकून राहतो. कमी वापरातल्या शब्दाचं विचित्र रूप पोरं विसरतात आणि साधा प्रत्यय लावून मोकळी होतात. म्हणूनच असणे, जाणे, येणे ही क्रियापदं जगातल्या कितीतरी भाषांत सगळ्यात अनियमित असतात, इंग्रजीत इज-वॉज, आपल्याकडे आहे-होता.

आता एक गोष्ट जी मला फार मनापासून सांगायचीय, कारण व्हॉट्सॅपवर याच्या उलट फिरत असतं. गो आणि गम्, दोघांत ग आहे, अर्थ एकच, म्हणजे गो हा संस्कृतमधूनच आला असणार, असं लोक छातीठोकपणे सांगतात. नाही! संस्कृत आणि इंग्रजी लांबच्या बहिणी आहेत हे खरं, पण त्यांच्यात आवाजांचा एक ठराविक हिशोब आहे जो याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नीट मांडला (तोच ग्रिम, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी मोठा). त्या हिशोबाने संस्कृतच्या ग समोर इंग्रजीत क यायला हवा. गो म्हणजे गाय, इंग्रजीत काउ. युग म्हणजे जू, इंग्रजीत योक. मग गम् समोर काय येणार? कम! इंग्रजीतला 'कम' हा आपल्या गम् चा सख्खा नातलग आहे. म्हणजे आपण 'गेला' म्हणतो तेव्हा मुळाच्या हिशोबाने इंग्रजाच्या 'केम' चा भाऊ उच्चारत असतो. मूळ धातूचा अर्थ नुसता पाऊल टाकणं असा असावा, इकडे की तिकडे ते नंतर प्रत्येकाने आपापलं ठरवलं, इंग्रजांनी ते येण्याला दिलं, आपण आ लावला तर येणं आणि नाही लावला तर जाणं असं करून घेतलं.

हे कुटुंब बघण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये तोच धातू 'वेनिरे' झाला, त्यातून इव्हेंट, व्हेन्यू, कन्व्हेन्शन, ॲडव्हेंचर, रेव्हेन्यू. लग्नाच्या 'व्हेन्यू'ला आपण 'इव्हेंट' करतो आणि पाहुण्यांचं 'स्वागत' करतो, तिन्ही शब्द एका धातूचे! ग्रीकमध्ये तो 'बाइनो' झाला आणि त्यातून ॲक्रोबॅट म्हणजे टाचा उचलून चालणारा आला, आणि डायबेटिस पण, आरपार जाणं या अर्थाने, कारण प्यायलेलं पाणी शरीरातून सरळ निघून जातं असं त्या वैद्यांना दिसलं. स्वागत म्हणजे सु आणि आगत, चांगलं आलेला. इंग्रजी वेलकम बरोब्बर तसाच दिसतो ना? पण जुन्या इंग्रजीत तो 'विलकुमा' होता, म्हणजे ज्याच्या येण्याने आनंद होतो असा पाहुणा, त्या विल चा वेल नंतर झाला, फ्रेंच 'ब्यांव्हन्यू'च्या प्रभावाने.

मग गो चा संस्कृतमधला नातेवाईक कोण? इंग्रजी ग समोर संस्कृतमध्ये बऱ्याचदा ह येतो, जसं गूज आणि हंस. त्या हिशोबाने बऱ्याच अभ्यासकांच्या मते गो हा 'हा' धातूचा नातलग, जहाति म्हणजे सोडतो, ज्यातून हानी, हीन, विहीन हे शब्द आले. सोडून निघणं म्हणजे जाणं. मला हे नातं जास्त आवडतं, त्या ग-ग च्या सोप्या जुळवाजुळवीपेक्षा, कारण हे शोधून काढावं लागलंय.

अर्थांकडे वळते. गो चा जुना अर्थ सरसकट जाणं नव्हता, चालणं होता, पायी. घोड्यावरून जाणं म्हणजे राइड आणि पायी म्हणजे गो. याची खूण एका शब्दात शिल्लक आहे जो आपण सगळे ओळखतो, गो-कार्ट. आज गो-कार्ट म्हटलं की हेल्मेट घालून छोट्या गाड्यांची शर्यत आठवते, त्या गाड्या १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावून पहिल्यांदा बनवल्या. पण सतराव्या शतकातला गो-कार्ट म्हणजे बाळाला चालायला शिकवणारी चाकांची चौकट. आपला पांगुळगाडा! गो म्हणजे चालणे, म्हणून चालायला शिकायची गाडी ती गो-कार्ट. कोल्हापुरात जत्रेत लाकडी पांगुळगाडे विकायला असायचे, लाल-हिरव्या रंगाचे, आणि मला आता ते आठवले की सोबत हे पण आठवतं.

'गँग' पण याच घरातला. मूळ अर्थ जाणं, वाट, प्रवास. मग एकत्र जाणाऱ्या माणसांचा जथा, कामगारांची तुकडी, आणि मग टोळी. रेल्वेच्या गँगमन मध्ये तो जुना, चांगला अर्थ अजून जिवंत आहे, रुळांवरून चालत जाऊन रूळ तपासणारी माणसं, मूळ शब्दाला इतका खरा उपयोग क्वचितच मिळतो.

'टेन इयर्स अगो' मधला अगो हा पण गो च. पूर्वी 'अगॉन' होता, निघून गेलेली. दहा वर्षं गेलेली. आणि आपण काय म्हणतो? गेल्या वर्षी, गेल्या आठवड्यात, गेली दहा वर्षं. सरळ सरळ तेच. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, दोन्हीकडच्या माणसांना काळ चालत निघून जाताना दिसला एवढंच.

पण सगळ्यात खोल जागा मला वाटते ती गो आणि विशेषण. गो बॅड, गो मॅड, गो ब्लाइंड, गो बाल्ड, गो बँकरप्ट, गो राँग. दूध नासलं की 'वेंट बॅड'. आणि चांगलं झालं तर? तिथे कम येतो, स्वप्न खरं झालं तर 'केम ट्रू', माणूस शुद्धीवर आला तर 'केम टू'. ईव्ह क्लार्क या भाषाअभ्यासक बाईंनी १९७४ मध्ये यावर एक निबंध लिहिला, त्यांचं म्हणणं असं की बोलणारा स्वतःला नेहमीच्या, ठीकठाक अवस्थेत उभा समजतो, त्यामुळे तिथून लांब होणं म्हणजे गो आणि तिकडे परतणं म्हणजे कम. हे वाचल्यावर मी मराठी तपासायला बसले आणि बघा काय काय सापडलं. शुद्ध गेली, शुद्धीवर आला. ताळ सोडून गेला, ताळ्यावर आला. वाया गेला, कामी आला. पंखा कामातून गेला. तोल गेला, तडा गेला, चव गेली, आवाज गेला, लाईट गेली आणि लाईट आली! महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कदाचित हेच असेल, आणि त्यात आपण उजेड असलेल्या जागेला आपली जागा धरतोय, वीज आपल्याकडे असणं हीच नेहमीची अवस्था, ती गेली तर परत यायलाच हवी. नियमाला अपवाद आहेत, झोप येते आणि राग पण येतो, आणि गो ग्रीन मध्ये वाईट काहीच नाही, पण कल इतका स्पष्ट आहे की दुर्लक्ष करता येत नाही.

एक फरक मात्र आहे. इंग्रज 'मॅन वेंट मॅड' म्हणतो, आपण वेडा गेला म्हणत नाही, वेडा झाला म्हणतो. पण मग पेपर? पेपर अवघड गेला, गणित सोपं गेलं, नवीन गाव मला जड गेलं. इथे विशेषण आणि जाणे अगदी इंग्रजीसारखे शेजारी बसलेत. आणि 'इंटरव्ह्यू कसा गेला' हे 'हाउ डिड इट गो' चं भाषांतर वाटतं खरं, पण 'दिवस कसा गेला' हे आपलं जुनंच आहे. तसंच साडीवर ब्लाउज 'जातं' आणि इंग्रजीत पण ते 'गोज विथ' असतं.

'गो ऑफ' ने मात्र माझा घाम काढलाय. अलार्म वेंट ऑफ, म्हणजे वाजायला लागला. लाइट्स वेंट ऑफ, म्हणजे बंद झाले. बॉम्ब वेंट ऑफ, फुटला. मिल्क वेंट ऑफ, नासलं. शी वेंट ऑफ हिम, तो तिच्या मनातून उतरला. एकाच जोडीतून सुरू होणं पण आणि बंद होणं पण! याचा उलगडा ऑफ मध्ये आहे, ऑफ म्हणजे सुटून, लांब. बंदुकीतून गोळी सुटते, अलार्मची कळ अडकवून ठेवलेली असते ती सुटते, दिव्याचा वीजपुरवठ्याशी संबंध सुटतो, दूध आपल्या चांगल्या अवस्थेपासून सुटतं. एकदा 'सुटणे' डोळ्यांपुढे धरलं की सगळं एका माळेत येतं, आणि मला भाषांतर करताना पण त्याचा खूप उपयोग होतो, आधी मनात सुटणे म्हणायचं आणि मग त्या वस्तूचं जे मराठी क्रियापद असेल ते लिहायचं. नवीन पोरं तर 'अँड शी गोज' म्हणून चक्क 'आणि ती म्हणते' असा अर्थ काढतात, ते गाय 'गोज मू' वरून आलंय, आवाज काढणं आणि मग बोलणं. त्याचं भाषांतर सोपं आहे, 'ती म्हणे'.

आता 'गोइंग टू'. इट इज गोइंग टू रेन. पाऊस कुठेही चाललेला नाही, इथे गो म्हणजे फक्त भविष्यकाळ. हे असं कसं झालं ते टप्प्याटप्प्याने दिसतं. 'मी राजाला भेटायला जातोय' असं वाटेतला माणूस म्हणतो तेव्हा त्यात दोन गोष्टी असतात, पाय चालतायत आणि मनात हेतू आहे. हळूहळू पाय गळून पडले आणि हेतू उरला, मग हेतू पण गेला आणि नुसतं 'होणार' उरलं, म्हणून पावसाला पण चालतो. १४८२ च्या एका धार्मिक पुस्तकात एक दुःखी आत्मा नरकात नेला जाणार होता असं वर्णन आहे, 'गोइंग टू बी ब्रॉट', तो याचा नेहमी दिला जाणारा जुना दाखला. आणि १६४६ मध्ये जोशुआ पूल नावाच्या व्याकरणकाराने गोइंग टू ही भविष्याची खूण आहे असं लिहूनच टाकलं. फ्रेंच आणि स्पॅनिश लोक पण जाण्यातूनच भविष्य बनवतात. आपण णार वापरतो, जाण्याची गरज पडली नाही. पण एक वाक्य ऐका, 'करायला गेलो एक आणि झालं भलतंच'. यात कुणी कुठे गेलेलं नसतं! पाय गळालेत, हेतू उरलाय. मराठी त्याच वाटेवर पहिला टप्पा गाठून थांबली.

ज्या जोडीने मी खरंच खुर्चीत मागे टेकले ती ही. एका ब्रिटिश मालिकेत एक बाई म्हणते, ती 'थ्री मंथ्स गॉन' आहे. म्हणजे गरोदर, तिसरा महिना. आणि माझ्या बोटांनी विचार न करता टाइप केलं, 'तिला दिवस गेलेत'. बस. शब्दाला शब्द. दोन भाषांमधल्या बायकांनी, एकमेकींना न भेटता, एवढी मोठी बातमी सांगायला गेलेले दिवस आणि गेलेले महिने निवडले, पोटाचं नाव नाही, बाळाचं नाव नाही. इंग्रजीत ते जरा बोलीतलं आहे, थोडं धीट, आणि मराठीत ते हळू आवाजातलं, आजी-आत्याचं, एवढा सुराचा फरक राहतो आणि तो मी नोंदवून ठेवते.

दुसऱ्या टोकाला मरण. आजोबा गेले. ही इज गॉन. संस्कृतचा 'प्रेत' म्हणजे प्र आणि इत, पुढे निघून गेलेला. इंग्रजीतलं 'पेरिश' लॅटिनच्या जाण्यापासून आणि 'ऑबिच्युअरी' पण तिथलीच. पण या अर्थाची भीती बाळगून रोजचं बोलणं बदललं ते आपणच. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. कुणी बाहेर निघालं तर कुठे जाताय विचारायचं नाही, 'निघालात का' असं विचारायचं. माझी आत्या चप्पल घालत असलेल्या माणसाला परत आत बोलवून 'येते म्हण' असं म्हणायला लावायची. आणि आत्याला माहीत नसलं तरी धातूच्या हिशोबाने गेला आणि आला एकच होते, तिने फक्त तो आ लावून घेतला.

गो चा हुकूम म्हणून वापर आपल्या इतिहासात आहेच. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईत उतरलं तेव्हा 'सायमन गो बॅक' चे काळे झेंडे होते. ही घोषणा मुंबईचे समाजवादी नेते युसुफ मेहेरअली यांची. १९४२ मध्ये 'क्विट इंडिया' हे शब्द पण त्यांचेच, ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, आणि आपण मराठीत त्याला काय म्हणतो? चले जाव. क्विट म्हणजे सोडा, हिंदीत 'भारत छोडो' झालं ते शब्दशः, पण आपल्या पुस्तकांत, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडात 'चले जाव'च बसलं. मला ते जास्त जोरदार वाटतं, सोडा मध्ये त्यांच्या हातात काहीतरी आहे हे मान्य केल्यासारखं होतं, जाव मध्ये ते पण नाही. आणि २०२० च्या सुरुवातीला गेटवे ऑफ इंडियापाशी रामदास आठवलेंनी दिलेली 'गो कोरोना' ची घोषणा. मराठी माणसाच्या इंग्रजीत गो म्हणजे जा, चालता हो. इंग्रजी मैदानावर मात्र 'गो' आणि पुढे संघाचं नाव म्हणजे लढ, जिंक! एकच शब्द हाकलायला पण आणि चेव आणायला पण. पण आपल्याकडे सायमनपासून हाकलायचाच अर्थ रुजलेला आहे, त्यामुळे लाखो लोकांना त्या घोषणेचा अर्थ क्षणात कळला.

शेवटी संस्कृतचा व्याकरणकार पतंजली याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन हजार वर्षांहून जास्त काळ झाला, महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथाच्या अगदी सुरुवातीला तो सांगतो की जाण्यासाठी वेगवेगळ्या प्रदेशात वेगवेगळे धातू चालतात. कंबोज देशात 'शवति' म्हणतात, सुराष्ट्रात 'हम्मति', पूर्वेकडे आणि मध्यभागात 'रंहति', आणि आर्य लोक फक्त 'गम्' वापरतात. एवढ्या जुन्या काळात एका माणसाने बोलीभाषांचा नकाशा काढला आणि त्यासाठी जाण्याचं क्रियापद निवडलं! तो कंबोजांचा शवति वायव्येकडच्या इराणी भाषांमध्ये सापडतो, फारसीत तो 'शुदन' झाला, जुन्या फारसीत त्याचा अर्थ जाणं पण होता आणि आता फक्त 'होणं', म्हणजे गो मॅड मध्ये जे घडलं तेच. गुमशुदा, शादीशुदा मधला शुदा तोच. आणि आपल्याकडे त्याचा भाऊ 'च्यु' धातू, पदच्युत मधला, अच्युत मधला.

तो नकाशा अजून पुसलेला नाही. गोव्यात जा. कोंकणीत जाणे म्हणजे 'वचप', मी जातो म्हणजे 'हांव वतां'. 'जाता' हा शब्द पण आहे, पण त्याचा अर्थ होतं, घडतं. 'कितें जालें' म्हणजे काय झालं. पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस तिथे जाता ऐकून कोण कुठे चाललंय ते शोधत बसतो. आणि भूतकाळात मात्र कोंकणीत पण 'तो गेलो'. वर्तमानाला वतां, भूतकाळाला गेलो. वर्तमानाचा धातू आपल्यापेक्षा वेगळा निवडला, पण भूतकाळाला गम् च, घाटावर, कोकणात, गोव्यात, सगळीकडे.